मागे उभी कोण?

मागच्या हिवाळ्यात कोथरूडला एका सहस्रचंद्रदर्शनाला गेले होते. पुस्तकतुला झाली, ओवाळणी झाली, पंगतीत मठ्ठा-जिलबी आली. पण गर्दी होती ती कोपऱ्यातल्या टेबलाभोवती. तिथे बारा इंची चौकोनी, जाडजूड चिकटवही ठेवली होती आणि शेजारी आठ-दहा वर्षांचा एक पणतू पहारा देत होता. हात धुतल्याशिवाय तो कुणालाही पान उलटू देईना. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लग्नाचे अल्बम लोक भराभर उलटतात आणि स्वतःचा फोटो सापडला की मिटतात. इथे माणसं फोटोखालचा मजकूर वाचत होती आणि त्यावरून भांडत होती. ‘हा नानांचा थोरला नव्हे, मधला.’ ‘हे घर सांगलीचं कुठलं? हे तर इस्लामपूरचं!’ वही कुणी केली म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, बावधनच्या एक ताई करतात.

बावधनला जायचं म्हणजे चांदणी चौकात आपल्याला हवा तो उतार पकडणं आलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथला जुना पूल स्फोटानं पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवी व्यवस्था सुरू झाली, तरी ताईंकडे पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक अजून एकदा तरी चुकतंच. राम नदीच्या काठचं हे गाव बघता बघता उंच इमारतींनी भरून गेलं. गावठाणातली जुनी घरं सोडली तर इथले बहुतेक सगळे कुठून ना कुठून आलेले: सातारा, लातूर, नागपूर, जळगाव. वाड्याच्या ओटीवर ओळीनं टांगलेल्या तसबिरी फ्लॅटमध्ये येताना गुंडाळल्या गेल्या आणि माळ्यावर जाऊन बसल्या. ताईंचा धंदा त्या माळ्यांवर चालतो.

ताई पन्नाशीच्या. पूर्वी वास्तुविशारदाच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढायच्या. पुढे सगळी ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर गेली आणि ड्रॉइंगबोर्ड, स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन त्या घरी आल्या. दार उघडताच डांबरगोळ्यांचा वास येतो. अल्बम ट्रंकेत असतात, पैठण्यांच्या आणि शालींच्या घड्यांखाली, आणि तो वास अंगात मुरवूनच ते इथे पोचतात. खिडक्या दिवसभर उघड्या असल्या तरी वास जात नाही. मी घरी परतल्यावर माझ्या ओढणीला तो यायचा.

पहिलं काम निवडीचं. जमिनीवर तीन ढीग: ‘नक्की’, ‘बघू’, ‘नको’. तिसरा ढीग सगळ्यात मोठा व्हायला हवा, असा ताईंचा आग्रह असतो, आणि गिऱ्हाइकाशी पहिली कुरबुर इथेच होते. मी गेले तेव्हा हिंजवडीच्या आयटी कंपनीतला एक तरुण बाप लॅपटॉप उघडून बसला होता. मुलगी तीन वर्षांची. ‘फोनमध्ये तिचे चौदा हजार फोटो आहेत,’ तो म्हणाला. सुरुवातीला आवाजात कौतुक होतं. गूगल फोटोजनं १ जून २०२१ पासून फुकटची अमर्याद जागा बंद केली. तेव्हापासून जागा विकत घेऊन तो ते साठवतोय. ताईंनी त्याला साठ निवडायला सांगितले होते. एकाच केकचे अकरा फोटो तो पुन्हा पुन्हा पाहत होता आणि त्यातला एकही त्याला ‘नको’ म्हणवेना. तासाभरानं कौतुक ओसरलं. ‘चौदा हजार,’ तो स्वतःशीच म्हणाला, ‘बघणार कोण?’

त्याच आठवड्यात गावठाणातल्या एका घरची सून आली होती. तिच्या सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. पिशवीतून दोन फोटो निघाले, बस्स. बाकी सगळे कागद: सातबारा, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, बैलजोडी विकल्याची पावती आणि बोटाची हळद लागलेली लग्नपत्रिका. त्यांच्या शेतात आता चौदा मजली इमारत उभी आहे. ताईंनी त्या कागदांचीच वही केली. दोन्ही फोटो पहिल्या आणि शेवटच्या पानावर, मध्ये सगळी पावत्यांची आणि उताऱ्यांची पानं. मी पाहिलेल्या वह्यांत मला ती सगळ्यात जास्त आवडली. चौदा हजारांतून साठ काढणं कठीण. दोनांतून वही उभी करायची तर माणसांना बोलतंच करावं लागतं.

घरगुती आठवणी चिकटवण्याचा हा खटाटोप जगात जुना आहे. मार्क ट्वेननं १८७३ मध्ये आधीच डिंक लावलेल्या पानांच्या वहीचं पेटंट घेतलं होतं. पान ओलं करायचं आणि कात्रण दाबायचं. आजचा छंद अमेरिकेतल्या युटा राज्यातून पसरला. तिथल्या मॅरिलेन क्रिस्टेन्सन या गृहिणीनं १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या जागतिक परिषदेत आपल्या घरच्या पन्नासेक वह्या मांडल्या आणि त्यातून पुढे कागद, टेप, पंच, स्टिकर यांचा मोठा बाजार उभा राहिला. ती परिषद वंशावळींची होती हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे ते काम कुलवृत्तांतांनी केलं: शाखा, गावं, गोत्रं, पिढ्या. त्यांत चेहरे क्वचित, आणि बाई बहुधा कुणाची तरी पत्नी म्हणून. सजावटीची हौस मात्र रुखवतात गेली. ताईंच्या टेबलावर ही दोन्ही घराणी एकत्र येतात आणि त्यांचं फारसं पटत नाही.

माझा कल कुठे आहे ते सांगून टाकते. रुखवताच्या बाजूचं मला फार सोसत नाही. बोहरी आळीतून आणलेल्या सोनेरी लेस, कापडी मोगरा, आणि ‘हॅपी फॅमिली’ असं आधीच छापून आलेले स्टिकर. गिऱ्हाइकाला ते हवं असतं. रिकामी जागा दिसली की पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. म्हणून ताई पानाप्रमाणे पैसे घेत नाहीत, कामाच्या दिवसांप्रमाणे घेतात. पानाचा दर लावला की लोक पानं भरायला बघतात, हा त्यांचा अनुभव. एकदा माहेरवाशिणीचा फोटो आला, तो अर्धा कापलेला. घटस्फोट झाला होता, जावई कात्रीनं गेला होता, पण मुलीच्या खांद्यावर त्याचा हात उरला होता. गिऱ्हाईक म्हणालं, तिथे एक फुलपाखरू लावा. ताईंनी फुलपाखरू लावलं नाही, फोटोच परत केला. ‘लावायचा तर आख्खा, नाहीतर नाही. कापाकापी मी करत नाही.’

हाताचं काम मात्र बघत राहावं असं. प्लास्टिकचा पापुद्रा सोलून चिकट पानावर फोटो दाबायचे ते अल्बम आठवतात? ऐंशीच्या दशकात घरोघरी आले आणि ट्वेनच्या वहीसारखीच सोय म्हणून मिरवले. आता त्यांतला गोंद पिवळा पडून फोटोला धरून बसलाय. दातांत फिरवायचा बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू ओढत ताई तो सोडवतात. एका फोटोला कधी पाव तास लागतो. कोपरा उचलून ओढला की फोटो गेलाच. मदतीला येणारी गावठाणातली मुलगी तेवढा वेळ श्वास रोखून बसते.

मूळ फोटो त्या वहीत लावतच नाहीत. स्कॅन करून नवी प्रत काढतात, मूळ प्रत पाकिटात घालून परत देतात. प्रत लावायची तीही कागदी कोपऱ्यांत खोचून, कधी काढावी लागली तर निघावी म्हणून. कागद आम्लविरहित. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन असतं. तो स्वतः पिवळा पडतोच, शेजारच्यालाही डागाळतो, म्हणून सत्काराच्या बातमीची किंवा श्रद्धांजलीची चांगल्या कागदावर झेरॉक्स होते. पूर्वीचे बाइंडर मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. ताई खळ वापरतच नाहीत. हळदीचं बोट उजेडानं उडतं, कुंकवाचं पसरतं, म्हणून पत्रिका पारदर्शक पाकिटात जाते. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो तांबडे होत जातात, कारण त्यांतला निळसर रंग आधी विरतो. त्याआधीचे कृष्णधवल, नीट धुतलेले असतील तर, बहुधा ठणठणीत असतात. पाऊस लागला की चिकटवण्याचं काम बंद. जून ते सप्टेंबर फक्त निवड आणि लिखाण.

या लिखाणासाठी मी पुन्हा पुन्हा तिथे गेले. फोटो टिकवणं आता अवघड राहिलेलं नाही. त्यातली माणसं कोण हे टिकवणं अवघड आहे, आणि त्याला कुठलाही कागद पुरत नाही.

एक पंचेचाळिशीच्या बाई वडिलांच्या मुंजीचा फोटो घेऊन आल्या होत्या. पाठीवर पेन्सिलीनं ‘मे १९५१, वाई’ एवढंच. वाड्याच्या चौकात वीसेक माणसं, सगळी ताठ. अशा वेळी फोटोग्राफर बोलवावा लागे, काच किंवा फिल्म मोजकी असे, म्हणून कुणी हसत नाही. पुढे घरोघरी आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा आला, त्यातही एका रोलात बाराच फोटो. वडील आता नाहीत. मिरजेला राहणारी आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिला व्हिडिओ कॉल लावला.

‘कुठून बोलतेस गं?’

‘बावधनहून, आत्या.’

‘बगाडाचं बावधन?’ आत्याचं बावधन वाईजवळचं, रंगपंचमीच्या बगाडाचं.

‘नाही गं, पुण्याचं.’

ताईंनी फोटो कॅमेऱ्यासमोर धरला आणि डावीकडून विचारायला सुरुवात केली. आत्या धडाधड सांगत होती: काका, मामा, शेजारचे वकील, कोण कुठल्या दुखण्यानं गेलं, कुणाचं कर्ज राहिलं. मदतनीस मुलगी वहीत उतरवून घेत होती. मग ताईंनी विचारलं, ‘आजी, ही मागे उभी कोण? दाराच्या चौकटीत?’

मी तोवर ती बाई पाहिलीच नव्हती. सगळ्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात, डोक्यावरून आलवण घेतलेली, चेहरा निम्मा अंधारात.

पलीकडे जरा थांबून आत्या म्हणाली, ‘ती फोटोत नव्हती. तिला कुठे घेतलं होतं? सोवळी होती ती. आत पुरणाचं बघत होती, आवाज ऐकून दारात आली असेल.’

‘नाव काय त्यांचं?’

‘आम्ही काकी म्हणायचो.’

‘पण नाव?’

आत्याला आठवेना. लग्नात नाव बदललेलं, बाराव्या वर्षी विधवा झालेली, नंतर नावानं हाक मारायला कुणी उरलं नाही. फोन ठेवल्यावर मुंजमुलाची ती मुलगी म्हणाली, ‘जाऊ द्या, इतर नातेवाईक असं लिहा.’ ताईंनी मान हलवली. वीस माणसांच्या यादीत त्यांनी त्या जागी पेन्सिलीनं नुसती रेघ ओढली आणि पान बाजूला ठेवलं. गिऱ्हाइकाला घाई होती, वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. पान तसंच राहिलं.

काही दिवसांनी आत्याचाच फोन आला. भल्या पहाटे, दूधवाल्याच्याही आधी. रात्रभर झोप नव्हती म्हणाली. काकीच्या माहेरून दरवर्षी दिवाळीला पत्र यायचं, पाकिटावर माहेरचं नाव असायचं, ते आठवलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्या घरचं आहे. पण मदतनीस मुलीनं ते रेघेवर लिहिताना मी तिथे होते, आणि त्या एका ओळीसाठी वहीतल्या सगळ्या लेसा-फुलांना माफ करायला मी तयार झाले.

हे प्रत्येक घरात जमत नाही. पुण्याच्या जुन्या पेठांतली माणसं येतात आणि सांगतात, ‘पानशेतच्या आधीचं आमच्याकडे काही नाही.’ १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि नदीकाठच्या घरांतल्या ट्रंका पाण्याबरोबर गेल्या. अशा घरांसाठी ताई मामाकडे, माहेरी, आत्याकडे चौकशी करायला लावतात. लग्नाच्या फोटोची एखादी प्रत दुसऱ्या गावच्या ट्रंकेत निघते. नाही निघाली तर पान कोरं ठेवून वर तारीख लिहितात.

आणि चौदा हजारवाला बाप? त्याचे साठ फोटो अखेर निवडून झाले. ताईंनी प्रत्येकाखाली त्याला एक ओळ लिहायला लावली. लिहिता लिहिता तो अडला. बारशाच्या फोटोत पाळण्याची दोरी धरलेल्या दोन बायकांपैकी एकीला तो ओळखेना. अवघ्या तीन वर्षांपूर्वीचं बारसं. शेवटी त्यानं आईला फोन केला.

हे पाहिल्यापासून ताईंनी ऑर्डर घेण्याची पद्धत बदलली आहे. रंग, पानं, मुखपृष्ठ सगळं नंतर. आधी त्या दोन प्रश्न विचारतात: घरात सगळ्यात म्हातारं कोण आहे, आणि दुपारची झोप झाली की ते किती वाजता उठतात?