निवृत्तीचा ‘मधुचंद्र’ संपल्यावर काय?

राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांची निवृत्ती ५८व्या वर्षी. शाल-श्रीफळ, देवदर्शन, नातेवाइकांकडच्या फेऱ्या यांत पहिले काही महिने मजेत जातात. मग घर खायला उठते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७६मध्येच निवृत्तीचे टप्पे मांडताना या काळाला नावे दिली होती: आधी मधुचंद्र, मग भ्रमनिरास, त्यानंतर फेरजुळणी आणि स्थैर्य. प्रत्येकाला सगळे टप्पे लागतातच असे नाही.

भ्रमनिरास का होतो? पगाराची जागा पेन्शन थोडीफार भरून काढते (ज्यांना आहे त्यांची), पण ‘साहेब’ ही हाक थांबते. फेरजुळणीत जुने पद कामाला येत नाही. तबल्याच्या वर्गात दहा वर्षांच्या मुलाशेजारी नवशिका म्हणून बसता आले पाहिजे. घरीही तसेच. पत्नीने तीस वर्षे सांभाळलेल्या स्वयंपाकघरात सूचना देऊ नका, भाजी निवडायला बसा. तिची निवृत्ती अजून झालेली नाही.