गाण्यांनी शोधलेल्या वाटा

१९७० आणि १९७१ साली सिमला सिगारेटच्या पाठबळावर देशभरातल्या बँडची स्पर्धा झाली आणि निवडक गाणी एलपीवर आली. हिंदी सिनेमाच्या बाहेर गिटार घेऊन उभं राहणाऱ्या पोरांना रेकॉर्डवर येण्याच्या ज्या थोड्या संधी तेव्हा होत्या, त्यांतली ही एक. पुढच्या पन्नास वर्षांत भारतीय रॉक आणि इंडी गाण्यांनी श्रोत्यांपर्यंत पोहोचायला ज्या वाटा काढल्या, त्या गाण्यांइतक्याच लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

सर्वांत लांबचा फेरा पडला तो कोलकात्याच्या ‘मोहीनेर घोडागुली’ला. जीवनानंद दास यांच्या कवितेतून नाव उचललेला गौतम चट्टोपाध्याय यांचा हा बँड. बाउल गाण्याचा मोकळेपणा आणि शहरी बेचैनी यांची सांगड घालत त्यांनी १९७७ ते १९७९ या काळात तीन रेकॉर्ड काढल्या. घेणारे मोजकेच निघाले आणि बँड पांगला. १९९५ साली चट्टोपाध्याय यांनी तरुण कलाकारांना हाताशी धरून नवा संग्रह काढला, तेव्हा त्यातलं ‘पृथिबीटा नाकि’ बंगालभर पसरलं. २००६ साली ‘गँगस्टर’ चित्रपटात हीच चाल ‘भीगी भीगी’ होऊन आली आणि बांगलादेशी रॉकगायक जेम्स यांच्या आवाजात देशभर पोहोचली. ते ऐकायला चट्टोपाध्याय नव्हते. १९९९ साली त्यांचं निधन झालं होतं.

गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी कुणाची वाटच पाहिली नाही. १९८४ सालचा ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम त्यांनी शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केला. गाणी त्यांची, वाद्यंही त्यांनीच वाजवलेली. कॅसेट तयार झाल्यावर स्कूटरवर टाकून त्या गोवाभर विकल्या. त्यांचं ‘ओड टू ग्रॅहम बेल’ गोव्यातल्या रखडलेल्या टेलिफोनवर आहे. नंबर लागता लागत नाही, ही त्या काळातली घरोघरची तक्रार, आणि तिच्यावर इंग्रजी रॉक गाणं होऊ शकतं, हे रेमोंनी दाखवून दिलं.

मुंबईत याच वर्षी ‘रॉक मशीन’ जमलं. महेश तिनईकर यांची गिटार, पुढे उदय बेनेगल यांचा आवाज. त्या काळी कॉलेजच्या महोत्सवांत परदेशी बँडचीच गाणी वाजत आणि श्रोत्यांनाही तीच हवी असत. या मंडळींनी आपली गाणी रचली आणि १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ बाजारात आणला. त्यांच्या पाठीशी एक जागा होती: धोबी तलावचं रंगभवन. १९८६ पासून तिथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला. खुलं नाट्यगृह, स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९९३ साली बँडने ‘इंडस क्रीड’ असं नाव घेतलं, तोवर टीव्हीवर संगीत वाहिन्या आल्या होत्या आणि गाण्याला व्हिडिओ लागू लागला होता.

मग २००० साल आणि दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चा ‘कंदिसा’.

त्यातली दोन गाणी ऐकली तरी या बँडचा आवाका कळतो. शीर्षकगीत हे केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांच्या जुन्या प्रार्थनेवर उभं आहे, तर ‘मा रेवा’ ही नर्मदेची स्तुती. बासगिटार वाजवणारे राहुल राम पर्यावरणाशी संबंधित विषयात डॉक्टरेट मिळवून नर्मदा बचाव आंदोलनात उतरले होते आणि ‘मा रेवा’ त्यांनी तिथेच उचललं. ही नदी आपल्या नंदुरबारच्या सीमेवरूनही वाहते. तिच्यावरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याचा फटका महाराष्ट्रात आधी बसला तो अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीला. असीम चक्रवर्ती यांचा तबला आणि सुस्मित सेन यांची गिटार या गाण्यात एकमेकांना जागा देत पुढे सरकतात. घाई कुठेच नाही, त्यामुळे साधी लोकधून शेवटाकडे येईतो भरून वाहू लागते.

याच बँडचं ‘बंदे’ अनुराग कश्यप यांच्या ‘ब्लॅक फ्रायडे’साठी झालं, शब्द पीयूष मिश्रा यांचे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा हा चित्रपट खटला चालू असल्यामुळे न्यायालयात अडकला आणि थेट फेब्रुवारी २००७ मध्ये पडद्यावर आला. गाणं थांबलं नाही. सिनेमा न पाहिलेल्या मुलांच्याही तोंडी ते आधीच बसलं होतं.

२०१८ पर्यंत वाट अगदी सरळ झाली. प्रतीक कुहाड यांचं ‘कोल्ड मेस’ फोनवरून थेट कानात गेलं आणि २०१९ च्या अखेरीस बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत दिसलं. घरच्या खोलीत गाणं करून त्याच रात्री जगासमोर ठेवणं आज नाशिक-कोल्हापूरच्या पोरांनाही जमतं. रंगभवन मात्र शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे मैफलींना बंद झालं. नव्या बँडची खरी कसोटी समोरच्या गर्दीपुढेच लागते. त्यासाठी लोकलने जाता येईल आणि विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडेल असा खुला रंगमंच मुंबईला पुन्हा हवा आहे, आणि तो उभारायला महापालिका व सरकार दोघांनीही पुढे यायला हवं.