लेखांक पाचवा : अहवाल येईतोवर

बायॉप्सी कशी करतात याचे वर्णन गेल्या लेखांकात आले. परंतु तुकडा काढल्यापासून अहवाल हाती पडेपर्यंतचे जे दिवस असतात, त्यांत घरच्या माणसांनी कसे वागावे हे रुग्णालयाच्या कोणत्याही कागदावर नमूद केलेले नसते. पेण आणि नागोठणे यांच्यामधल्या कासूसारख्या गावातून, दिवा-रोहा गाडीने पनवेल गाठून पुढे खारघरला किंवा परळला जाणाऱ्या कुटुंबाला तर हे दिवस विशेष जड जातात. कारण विचारपूस करण्याचे ठिकाण दूर राहते आणि उशीर झाला म्हणजे काहीतरी वाईटच निघाले असणार, असा तर्क ओटीवर बसलेली माणसे लढवू लागतात.

हा तर्क निराधार आहे. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पुरता टिकाऊ व्हावा लागतो. नंतर अल्कोहोलने त्यातील जलांश काढून, तो मेणात बसवून, त्याचे मिलिमीटरच्या काही सहस्रांशाइतके पातळ काप काढतात, ते रंगवतात, आणि मग विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शंका उरली तर त्याच मेणाच्या ठोकळ्यातून पुन्हा काप घेऊन विशेष रंजनपरीक्षा करावी लागते. तेव्हा विलंबावरून शुभ वा अशुभ काहीच ठरवता येत नाही, आणि हे आईवडिलांना आधीच समजावून सांगितले तर निदान एक भीती तरी कमी होते.

समजा, आईच्या गालाच्या आतली जखम बरी होत नाही म्हणून तुकडा काढला आहे. बिरड्यासाठी मोड आणलेले कडवे वाल घेऊन ती पडवीत बसली आहे. दाणा चिमटीत दाबला की साल सुटते आणि डाळिंबी परातीत पडते. इतक्यात मुलगी येऊन परात ओढून घेते व ‘तू पडून राहा’ म्हणते. हेतू निखळ मायेचा असतो, तरी निदान होण्यापूर्वीच घराने तिला आजारी ठरवलेले असते. तिला वाल सोलू द्यावेत, आपणही समोर बसून सोलू लागावे, आणि ती बोलली तर ‘काही होत नाही गं’ अशी हमी न देता ऐकून घ्यावे. ही हमी देण्याचा अधिकार त्या घडीला कोणालाच नसतो. मिश्री सोडणे केव्हाही हिताचेच, परंतु ‘मिश्री लावू नको म्हणून किती सांगितलं’ हे वाक्य या दिवसांत उच्चारणे मला केवळ क्रूर वाटते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अहवाल बहुधा मुलाच्या हाती पडतो, आणि मग म्हातारीला कळू द्यायचे नाही अशी मसलत घरात होते. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेव्हापासून इतक्या पिढ्या तिथे गेल्या आहेत की ‘टाटाला नेलंय’ एवढ्यावरूनच गावाला सारे समजते, मग ज्या व्यक्तीला नेले तिला ते समजणार नाही हे कसे संभवावे? लपवाछपवीने तिचे अज्ञान टिकत नाही. तिला बोलायला मात्र कोणी उरत नाही. म्हणून अहवाल येण्यापूर्वीच, शांतपणे विचारावे : ‘आई, डॉक्टर सांगतील ते सगळं तुला ऐकायचंय, की आधी आम्ही ऐकू?’ काही आया म्हणतील, तुम्हीच बघा. तोही त्यांचा निर्णय मानावा, आणि पुढे तो बदलण्याची मोकळीक ठेवावी.

तूर्त करण्यासारखी एक तजवीज आहे. तपासणी पेणला वा अलिबागला खाजगी प्रयोगशाळेत झाली असेल, तर अहवालाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागून घ्यावा. पुढे मोठ्या रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आलाच तर तेथील विकृतिशास्त्रज्ञ ते स्वतः पुन्हा तपासतात, आणि हे साहित्य जवळ नसल्यास त्यासाठी परत फेरी पडते.