इतिहास मुलांच्या हाती द्या

'वास्को-द-गामाने हिंदुस्थानचा सागरी मार्ग केव्हा शोधला?' असे वर्गात विचारले, की मुले एका सुरात '१४९८' असे सांगतात. परंतु मालिंदीहून कालिकतपर्यंतची वाट त्याला एका जाणत्या वाटाड्याने दाखविली, ही गोष्ट त्या एका आकड्याखाली झाकून जाते. आकडा पाठ होतो. शोध म्हणजे काय, हे मात्र कळत नाही. मग हा विषय शिकवावा कसा? बडोद्याच्या शिक्षकांना त्याची साधने दूर शोधावयास नकोत.

प्रथम आपल्या गावापासूनच आरंभ करावा. शाळेच्या अंगणात दोरी ताणावी आणि एक पाऊल म्हणजे शंभर वर्षे असे ठरवावे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते एका पावलाच्या थोडे पलीकडे येईल. इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट राजा कर्काच्या ताम्रपटापर्यंत जाण्यास बारा पावले लागतील. त्या ताम्रपटात वडपद्रक हे गाव दान दिल्याचा उल्लेख आहे. तेच आपले बडोदे! त्यात गावाच्या चतुःसीमाही दिल्या असून पश्चिमेस अंकोट्टक, म्हणजे आजचे अकोटा, सांगितले आहे. मुलांनी विश्वामित्रीचा प्रवाह काढून त्याच्या दोन्ही तीरांवर ही दोन गावे मांडावीत. त्या काळी अंकोट्टक हे चौऱ्याऐंशी गावांचे मुख्य ठाणे होते आणि वडपद्रक त्यांपैकी एक खेडे, हे नकाशा काढताना ध्यानी येते. लहान मोठे होते आणि मोठे लहान होते, हा इतिहासाचा पहिला धडा होय.

दुसरा उपक्रम मातीच्या पेटीचा. जुन्या खोक्यात तळाशी वाळू व दगडाच्या कपच्या, त्यावर काळी माती व खापऱ्या, त्यावर विटांचे तुकडे व एखादे नाणे असे थर घालावेत. मुलांनी चमच्याने व कुंचल्याने एकेक थर उकरावा. कोणती वस्तू कोणत्या थरात मिळाली, हे वहीत टिपल्यावाचून ती उचलू नये. खालचे जुने, वरचे नवे, हा नियम ती आपणच शोधून काढतील. मग शिक्षकांनी एक गंमत करावी. उंदराच्या बिळासारखे भोक पाडून तळाच्या थरात सदऱ्याचे एक बटण आधीच सोडून ठेवावे. बटण निघाले, की वर्गात वाद माजेल. तो माजू द्यावा. हाती आलेल्या पुराव्यावरही शंका घ्यावी लागते, हे व्याख्यानाने सांगून उमजत नाही. अकोट्याच्या उत्खननात रोमन बनावटीच्या ब्राँझच्या भांड्याची मूठ सापडली आणि तिच्यावर कामदेव कोरलेला आहे, हे यानंतर सांगावे. ती येथवर आली कशी, असे मुलेच विचारतील.

त्याचे उत्तर भरुचच्या बंदराकडे नेते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषेतील प्रवासवृत्तात या बंदराला बारिगाझा म्हटले आहे. नर्मदेच्या मुखाशी उथळ वाळूचे बांध आणि भरतीचा प्रचंड लोंढा यांमुळे परक्या जहाजांना आत येणे अवघड जाई. म्हणून राजाच्या चाकरीतील कोळी लांब होड्या घेऊन सामोरे जात, भरतीबरोबर जहाजे ओढून आणीत आणि ओहोटीच्या वेळी ठराविक डोहांत नांगरून ठेवीत. हे वर्गात खेळून पाहावे. खडूने नदीचे मुख काढावे. डोळे बांधलेला एक मुलगा जहाज, तर दोघे-तिघे तांडेल. डफ वाजेल तोवर भरती. तो थांबला की सर्वांनी डोहात थांबावे. खेळ संपल्यावर निम्म्या वर्गाने परक्या व्यापाऱ्याची आणि निम्म्याने कोळ्याची रोजनिशी लिहावी.

दोन्ही रोजनिशा शेजारी ठेवून वाचल्या, की 'शोध कोणी लावला?' या प्रश्नाचे एकच उत्तर पुरेसे वाटेनासे होते. छापलेले ते खरेच, असे मानण्याची सवय ज्या मुलाला लागते, ते पुढे कोणाच्याही सांगण्यावर सहज विश्वास ठेवते. पुरावा मागणारे मूल शिक्षकांना थोडे अडचणीचे वाटेल. पण नागरिक म्हणून तेच उपयोगी पडेल. म्हणून वर्षातील निदान चार तास पाठांतरातून काढून या उपक्रमांना द्यावेत, एवढीच शिक्षकांना व पालकांना विनंती.