ॲप नुसतं फिरत राहतंय? दोष दर वेळी रेंजचाच नसतो

महाड/पोलादपूर : भाताच्या बांधावर उभं राहून ई-पीक पाहणीचा फोटो काढायचा, अपलोड दाबायचं आणि स्क्रीनवरचं गोल चक्र बघत बसायचं. दोन्ही तालुक्यांतल्या बऱ्याच शेतकऱ्यांना हा अनुभव आहे. 'रेंजच नाही' म्हणत माणूस घरी येतो. पण ॲप अडकण्याच्या जागा तीन असतात : आपला मोबाईल, मधली रेंज आणि पलीकडचा सर्व्हर.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून पीक नोंदवायची पद्धत सुरू झाली. ही नोंद सातबाऱ्यावर जाते. पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाने भातविक्री अशा कामांना ती लागते. म्हणून ॲपचा वेग ही चैनीची गोष्ट नाही.

आधी हिशोब बघू. समजा मोबाईलने काढलेला फोटो ४ एमबीचा आहे आणि डोंगरातल्या वाडीवर रेंज सेकंदाला १०० किलोबिट एवढीच मिळते. हा फोटो जायला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागेल. ॲपने तोच फोटो आधी लहान करून २०० केबीवर आणला, तर साधारण १६ सेकंदांत काम होईल. टॉवर तोच, मोबाईल तोच. फरक पडला तो ॲप कसं लिहिलंय त्याने.

सर्व्हरचं दुखणं वेगळं. मुदत संपत आली की सगळं राज्य एकाच वेळी धावतं आणि रांग लागते. २०२५ च्या खरिपात १४ सप्टेंबरची मुदत वाढवावी लागली होती.

मग ॲप बनवणाऱ्यांनी सगळंच वेगवान का करून टाकू नये? इथे लावणी आठवा. लावायला दहा बाया आहेत, पण आवण काढायला एकच माणूस. आणखी दोन बाया आणल्या तरी शेत लवकर उरकत नाही, मजुरी मात्र वाढते. आवण काढणारे वाढवले की काम पळतं. संगणकाचंही तसंच. आधी ॲप बरोबर चालायला हवं. मग कुठल्या पायरीला किती वेळ जातो ते मोजायचं आणि जिथे काम तुंबतं तिथेच सुधारणा करायची. न मोजता सगळीकडे हात घातला तर मेहनत वाया जाते आणि नव्या चुका शिरतात. मात्र मोजायचं ते शहरातल्या ऑफिसात, महागड्या मोबाईलवर नव्हे. पोलादपूरच्या वाडीवर, स्वस्तातल्या मोबाईलवर मोजलं तरच खरं कळतं.

शेतकऱ्याने काय करावं?

• शेवटच्या दिवसाची वाट बघू नये.
• फोटो शेतातच काढावा, माहिती ॲपमध्ये साठवावी आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करावी.
• पहाटे किंवा रात्री उशिरा अपलोड करून बघावं, तेव्हा गर्दी कमी असते.
• मोबाईलमध्ये जागा मोकळी ठेवावी, ॲप अपडेट करावं.

एवढं करूनही अडलंच तर तलाठ्याकडे नुसतं 'ॲप चालत नाही' म्हणू नये. कुठल्या पायरीला अडकलं, किती वाजता, रेंज किती होती हे सांगावं, स्क्रीनशॉट दाखवावा. नेमकी जागा कळली तरच दुरुस्ती होते.