बांदोल

बांदोल : दक्षिण फ्रान्समधील एक तांबडी वाइन. प्रॉव्हांस प्रदेशात, तूलाँ शहराच्या पश्चिमेस भूमध्य समुद्रकाठी असलेल्या बांदोल गावावरून तिला हे नाव पडले. या नावास १९४१ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. हिच्यात मूर्वेद्र जातीची द्राक्षे किमान निम्मी असावी लागतात. उरलेली मुख्यतः ग्रेनाश व सँसो जातींची असतात. मूर्वेद्र उशिरा पिकते व तिला भरपूर ऊन लागते. फायलोक्सेरा किडीच्या प्रादुर्भावानंतर तिची लागवड तेथे जवळजवळ नामशेष झाली होती. विसाव्या शतकात ल्यूस्यँ पेरो आदी बागाईतदारांनी ती पुन्हा रुजविली. आज मात्र गुलाबी वाइनीचेच उत्पादन तेथे अधिक होते.

तांबडी वाइन लाकडी पिंपांत किमान १८ महिने मुरवितात. तरीही कोवळेपणी ती फार तुरट लागते, कारण तिच्यातील टॅनिने लाळेतील प्रथिनांशी संयोग पावतात व तोंड कोरडे पडते. मांसातील प्रथिने व चरबी यांच्याशीही टॅनिने बांधली जात असल्याने मांसाहाराबरोबर हा तुरटपणा पुष्कळच सौम्य भासतो. म्हणून लसूण व रोझमेरी लावून भाजलेले कोकराचे मांस किंवा तांबड्या वाइनीतच मंदाग्नीवर शिजविलेले गोमांस (दोब) यांबरोबर ती घेतात. दहाएक वर्षे मुरलेली बांदोल शिकारीच्या मांसाबरोबर किंवा अळिंब्यांबरोबर अधिक शोभते. समुद्रकाठची असूनही मासळीशी तिचे जुळत नाही. तिच्यामुळे तोंडात धातूसारखी चव उरते.