तोंडी परीक्षेत आडनाव बोलते

मेडिकलला नंबर लागला की वस्तीत सत्कार होतो, बॅनर लागतो, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घातला जातो. व्हायलाच हवे. पण इंटर्नशिप धरून पुढची साडेपाच वर्षे तो मुलगा, ती मुलगी कशी काढते, याची चौकशी कोण करतो?

जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोराला पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्राचे जाडजूड इंग्रजी ग्रंथ उचलावे लागतात. शिष्यवृत्ती वेळेवर येईलच याची खात्री नसते, मेसचे बिल मात्र थांबत नाही. विच्छेदनगृहातल्या फॉर्मॅलिनच्या वासाची महिन्याभरात सवय होते. होत नाही ती एकाच प्रश्नाची: "नीटला रँक किती?" हा प्रश्न गुणांचा नसतो, जातीचा असतो, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते.

गुणवत्तेचा डांगोरा पिटणाऱ्यांना आम्ही विचारतो, आरक्षण कुठे आहे? प्रवेशाच्या दारात. एम.बी.बी.एस. उत्तीर्ण होण्याची अट सर्वांना एकच आहे. आणि २०२३ साली पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा नीट-पीजीची पात्रता सर्वच प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. तेव्हा गुणवत्ता कुणाची बुडाली? मोर्चे कुठे निघाले?

लेखी पेपर तपासणाऱ्यासमोर नाव नसते. तोंडी परीक्षेत मात्र माणूस समोर बसलेला असतो. आडनाव, मग गाव, मग वडील काय करतात. तिथे कापलेल्या गुणांचा पुरावा मागे राहत नाही. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ साली हेच दुखणे मांडले. मूल्यमापनातला दुजाभाव आणि वसतिगृहात वेगळे पडलेले आपले विद्यार्थी, दोन्ही त्या अहवालात आहे.

शिकून वर गेल्यावर तरी जात सुटते का? मुंबईत २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी तडवी भिल्ल समाजाची लेक, एम.बी.बी.एस. होऊन स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीय छळाच्या आरोपावरून अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. निकाल न्यायालय देईल. आम्हाला सांगायचे ते व्यवस्थेविषयी. शस्त्रक्रिया पुस्तकातून येत नाही. वरिष्ठाने टेबलापाशी उभे केले, हातात हत्यार दिले, तरच हात बसतो. नुसते फायली लिहायला बसवले तरी एक सर्जन मारता येतो, आणि कुठल्याही रजिस्टरमध्ये त्याची नोंद होत नाही. ज्ञान राखून ठेवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.

राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. पण तक्रार ज्यांच्याकडे करायची, तेच उद्या प्रॅक्टिकलला समोर बसणार असतील तर पोरगी तोंड कसे उघडेल?

म्हणून कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकावा. आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात अनुसूचित जाती-जमाती कक्ष आहे का, गेल्या वर्षी त्याच्या किती बैठका झाल्या, किती तक्रारी आल्या, त्यांचे काय झाले, हे लेखी मागावे. आणि समाजातल्या डॉक्टरांनी पहिल्या अंतर्गत परीक्षेच्या आधीच्या रविवारी वसतिगृहावर चक्कर मारावी. सोबत जुनी पुस्तके नेली तर आणखी बरे.